संमोहन उपचारांनी खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की संमोहनाने मनातली भीती जाते का, आत्मविश्वास वाढतो का, आणि पुण्यात एवढ्या जाहिराती दिसतात तर त्यांतल्या कुणाकडे जावं का. मी गेलो होतो, पण पोटासाठी.

हसू नका. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत काही न सापडता आतडं सतत बिघडलेलं) काय चीज आहे ते ज्याला आहे त्यालाच कळतं. सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी रोज सकाळी धायरीहून शनिवार पेठेतल्या बँकेत जायचं म्हटलं की पोटात गोळा. राजाराम पुलाजवळ अडकलो की घाम फुटायचा. सिंहगड रोडवर कुठल्या पेट्रोल पंपाचं स्वच्छतागृह उघडं असतं आणि कुठला हॉटेलवाला चहा न घेता आत सोडत नाही, सगळं तोंडपाठ होतं. लग्नात कायम दाराजवळची खुर्ची.

आधी मीही एका जाहिरातीलाच भुललो. त्या गृहस्थांनी मला ‘मागच्या जन्मात’ नेलं आणि भावकीतल्या कुणीतरी जेवणातून विष घातल्याचं निघालं. (भावकी मात्र याच जन्मातली वाटली.) पुढच्या पाच बैठकांचं पॅकेज, पैसे आगाऊ. संमोहित अवस्थेत माणूस सूचना चटकन उचलतो, उपचारात त्याचाच तर उपयोग. पण त्याच कारणाने ‘आठवा, आठवा’ म्हटलं की मन गोष्टी रचूनही देतं आणि त्या अगदी खऱ्या वाटतात. तुमचे विसरलेले घाव शोधून काढतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

नंतर माझ्या पोटाच्या डॉक्टरांनीच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. मॅडमनी लंबक-बिंबक काही काढला नाही. साधी खुर्ची, डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष, मग पायापासून वर एकेक अवयव सैल सोडायचा. झोप वगैरे लागली नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या कुकरच्या तीन शिट्ट्या मी मोजल्या. मग तळहात पोटावर ठेवून त्याची ऊब आत झिरपतेय अशी कल्पना करायला सांगितली. आणि पुढे म्हणाल्या, संथ वाहणारी नदी डोळ्यांसमोर आणा.

आता पुण्याच्या माणसाला नदी म्हटल्यावर काय दिसणार? मुठा! मला जलपर्णी दिसली. लगेच खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली. मला हसू आवरेना, डोळे उघडून सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, “अहो, हे तुमच्या पोटाचंच वर्णन झालं की. एक तर तुंबतं, नाहीतर पूर येतो. मग धरणाचे दरवाजेच तुमच्या ताब्यात घेऊ या.” तेव्हापासून मी डोळे मिटले की धरणाच्या भिंतीवर उभा असतो. एकेक दरवाजा हळूहळू खाली घेतो, विसर्ग दोन हजार क्युसेकवर आणतो, मग हजारावर.

वरवर पोरखेळ वाटेल. पण आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची सतत दुतर्फा ये-जा असते. मन धास्तावलं की आतडं बिथरतं, आतडं बिथरलं की मन आणखी धास्तावतं. त्या चक्रात मध्येच हात घालायचा, एवढंच. नदीची कल्पनाही मॅडमच्या पदरची नाही. ती मँचेस्टरचे पोटाचे डॉक्टर पीटर व्होरवेल यांच्या पद्धतीतली. त्यांनी आयबीएसच्या 30 रुग्णांवर केलेला संमोहनाचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये 1984 साली आला. औषधांनी वर्षभरात फरक पडला नाही तर संमोहनाचा विचार करा, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात.

माझी दहा सत्रं झाली, आठवड्याला एक. शिवाय रोज रात्री मोबाइलवरचं त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, वीस मिनिटं. तेच खरं काम, आणि तेच सगळ्यात कंटाळवाणं. सहाव्या की सातव्या आठवड्यात एकदा दांडेकर पुलाशी आलो तेव्हा लक्षात आलं, राजाराम पूल कधीच मागे गेला होता! पूर्ण बरा झालोय असं नाही. मार्च एंडला पोट आठवण करून देतंच.

आत्मविश्वासाचं म्हणाल तर ‘तुम्ही धीट आहात’ असं मला कुणी एकदाही सांगितलं नाही. आठ वर्षांनी एसटीने चिपळूणला जाऊन आलो, त्यातून जो यायचा तो आला. संमोहनाने धास्ती थोडी उतरते. एसटीत आपल्यालाच बसावं लागतं. गणपतीत मांडवात कांदा सफरचंद म्हणून खाणारी माणसं बघून अपेक्षा ठेवू नका. तिथे आधी सगळ्यांना हात गुंफायला लावतात आणि ज्यांचे सुटत नाहीत त्यांनाच वर घेतात. सूचना सगळ्यांवर सारख्या चालत नाहीत.

कुणाकडे जायचं? मानसोपचारतज्ज्ञ, किंवा आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, आरसीआयच्या संकेतस्थळावर नाव तपासता येतं. मी तर अजून एक विचारेन: संमोहनाशिवाय तुम्ही आणखी कोणते उपचार करता? ‘संमोहन पुरे आहे’ असं उत्तर आलं तर चपला घाला. कानात आवाज येणं, भलतेच संशय येणं असं काही असेल तर संमोहनाच्या भानगडीत न पडता आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. पोटाचंच दुखणं असेल आणि शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर आधी तपासण्या.

आणि पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. माझे अजून परत आलेले नाहीत.