'हबशी' शब्दाचं मूळ गाव

प्रश्न असा आला आहे : "आमच्याकडे एखादं पोर जास्त सावळं असलं की त्याला 'हबशी' म्हणून चिडवतात. आता मुलाच्या इतिहासाच्या अभ्यासात 'मलिक अंबर हा हबशी होता' असं सरळ वाक्य आलं आणि तो विचारतो, ही शिवी पुस्तकात कशी? हबशी आणि सिद्दी एकच का? आणि आफ्रिकेतले लोक स्वतःला असं म्हणवतात का? त्यांना आपल्याकडचा हा इतिहास ठाऊक असतो का?"

मुलाला आधी एवढं सांगा की पुस्तकाचं चुकलेलं नाही. 'हबश' हे देशाचं नाव आहे. सिंधचा तो सिंधी, इराणचा तो इराणी, तसा हबशचा तो हबशी. रंगाचा त्यात मुळात काही संबंध नाही. खरं तर रंग आहे तो 'इथिओपिया' या नावात, जे आज आपण सभ्य म्हणून वापरतो. ते ग्रीक आहे आणि त्याचा रूढ अर्थ 'भाजलेल्या चेहऱ्याच्या लोकांचा देश' असा आहे. म्हणजे ज्या शब्दात रंग होता तो देशाचं नाव झाला, आणि ज्यात फक्त देश होता त्याचा आपण रंग करून टाकला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण 'हबश' हे नाव फार जुनं आणि मानाचं आहे.

किती जुनं? इथिओपियाच्या उत्तरेला अक्सुम नावाचं नगर आहे. तिथे चौथ्या शतकात एझाना नावाचा राजा होऊन गेला. त्याचा एक शिलालेख ग्रीक आणि तिथल्या गीझ अशा दोन्ही भाषांत कोरलेला आहे. आपण कोणाकोणाचे राजे आहोत याची यादी त्यात त्याने दिली आहे. ग्रीक मजकुरात जिथे 'इथिओपियन' आहे, तिथे गीझमध्ये 'हबशत' आहे. अरबांनी त्याचं 'हबश', 'हबशा' केलं, युरोपीयांनी त्यावरूनच 'ॲबिसिनिया' बनवलं. इस्लामचा पहिला मुअज्जिन, म्हणजे अजान देणारा, बिलाल हा 'अल-हबशी' म्हणूनच ओळखला जातो. मक्केतल्या छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या पहिल्या मुसलमानांना ६१५ च्या सुमारास आसरा दिला तोही हबशच्या ख्रिस्ती राजाने. ही सगळी पुण्याई घेऊन हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने दख्खनमध्ये उतरला. मराठीने तर त्यावरून प्रदेशाचं नावही घडवलं : जंजिऱ्याच्या ताब्यातल्या किनारपट्टीला आपल्या जुन्या कागदांत 'हबसाण' म्हटलं आहे.

'सिद्दी'ची गोष्ट वेगळी. तो देशवाचक नाही, पदवी आहे. अरबीतल्या 'सय्यिदी', म्हणजे 'माझे स्वामी', यावरून तो आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. आफ्रिकेतून आलेले सरदार आणि दर्यावर्दी ही पदवी नावाआधी लावत : सिद्दी जौहर, सिद्दी मसूद, सिद्दी हिलाल. पुढे पदवीचीच जात झाली. आपल्याकडे 'शिद्दी' हे रूपही चालतं, आणि बखरींत व पेशवाईतल्या पत्रांत त्याच लोकांना 'शामल' म्हटलेलं आढळतं. शिवाजी महाराजांचा बखरकार सभासद याने तर राजपुरीच्या सिद्दीला घरातल्या उंदराची उपमा दिली आहे. शत्रूची चीड त्यात आहे, पण धाकही आहे. या उंदराने जंजिरा १९४८ पर्यंत सोडला नाही. तेव्हा मलिक अंबर हबशी खरा, पण जंजिऱ्याच्या घराण्याची ओळख सिद्दी. बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी वापरले गेले हेही खरं.

आता प्रश्नाचा तिसरा भाग. त्यावर पुस्तकातून उत्तर देण्याआधी एक अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर इथिओपियाची एक विद्यार्थिनी राहायला होती. रविवारी सकाळी ती कढईत कॉफीचे हिरवे दाणे भाजायची आणि तो वास जिन्यातून थेट आमच्या दारापर्यंत यायचा. एकदा तिने वर बोलावलं. दाणे भाजले, कुटले, काळ्या मातीच्या लांब मानेच्या सुरईत कॉफी उकळली आणि बिनकानाच्या छोट्या वाट्यांत ओतली. कॉफीला ती 'बुना' म्हणाली. माझी आजी कॉफीच्या दाण्यांना 'बुंद' म्हणायची. हा शब्द अरबी 'बुन्न'मधून आपल्याकडे आला आणि तो 'बुना'चा सख्खा भाऊ आहे. तिला हे सांगितलं तर ती हसत सुटली आणि म्हणाली, "मग तुम्ही थोड्या हबशा आहात."

मी चमकले. पुस्तकांत या शब्दाचं 'हबेशा' असं रूप वाचलं होतं, पण तिच्या तोंडी मधला स्वर आपल्या 'अ'च्या इतका जवळ होता की कानाला 'हबशा'च ऐकू आलं. ती तो शब्द अभिमानाने वापरत होती. पांढऱ्या सुती कापडाचा, काठाला विणकाम केलेला पोशाख दाखवला, तो 'हबेशा केमिस'. इथिओपिया आणि इरिट्रियाच्या डोंगराळ भागातले लोक, आणि त्यांची परदेशांत वाढलेली मुलं, एकमेकांना याच शब्दाने ओळखतात. मी तिला कागदावर 'हबशी' लिहून दाखवलं, अर्थ सांगितला, आणि हेही सांगितलं की आमच्याकडे शाळेत या शब्दाने मुलांना चिडवतात. ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली.

मलिक अंबर तिला माहीत नव्हता. आडव्याची लढाई मात्र तोंडपाठ. १८९६ साली सम्राट मेनेलिक दुसरा याने आडव्याच्या डोंगरांत इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्याची सुट्टी असते, गाणी असतात, आपल्याकडे प्रतापगड जसा लहान मुलालाही ठाऊक असतो तसं. पण त्यांच्याच किनाऱ्यावरून माणसं विकली गेली, त्यातला एक दख्खनमध्ये निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने जहांगीरच्या फौजा वर्षानुवर्षं थोपवून धरल्या, हे तिला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. पुढे ती मैत्रिणींबरोबर वेरूळला गेली तेव्हा मी मुद्दाम खुलदाबादला थांबायला सांगितलं. तिथे अंबरची कबर आहे.

परत आल्यावर ती जे बोलली ते मला कुठल्याही कोशात मिळालं नसतं. ती म्हणाली, "आमच्या पणजोबांनी याला हबेशा म्हटलं नसतं." अंबरचं मूळ नाव चापू. तो इथिओपियाच्या दक्षिण भागातला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. डोंगराळ भागातल्या ख्रिस्ती राज्याच्या दृष्टीने दक्षिणेकडचे लोक परके. त्यांच्यावर धाडी पडत, त्यांना पकडून बंदरांकडे नेलं जाई. अशा माणसांसाठी अम्हारिक भाषेत 'बारिया' असा शब्द आहे. अर्थ गुलाम. आजही काळ्या वर्णाच्या माणसाला हिणवायला तो वापरतात. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला होता. इथिओपियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९४२ मध्ये, म्हणजे हे सांगणारी माणसं तिच्या घरातच होती.

विचार करा : ज्याला स्वतःच्या मुलखात 'हबेशा' म्हणवून घेता आलं नसतं, त्याला समुद्र ओलांडल्यावर जगाने 'हबशी' म्हटलं. हे नाव त्याला आईबापांनी दिलेलं नाही, बाजाराने दिलेलं आहे. मोखा, बगदाद, अहमदनगर अशा प्रवासात चापूचा अंबर झाला, आणि ज्याने त्याला अहमदनगरात विकत घेतलं तो निजामशाहीचा पेशवा चंगीझखानही हबशीच होता. पुढे याच अंबरने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, तिथे नहरीचं पाणी खेळवलं आणि शहाजीराजांना बरोबर घेऊन १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. त्याच्या हयातीतच जहांगीरने स्वतःचं एक चित्र काढून घेतलं, त्यात तो अंबरच्या कापलेल्या मस्तकावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागलं नाही. १६२६ साली अंबर म्हातारा होऊन वारला.

तेव्हा 'त्यांना हा इतिहास ठाऊक असतो का' याचं माझं उत्तर असं : ज्याच्या वाट्याला जो शब्द आला, त्याला तेवढा इतिहास आला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे पूर्वज बहुतेक पश्चिम आफ्रिकेतून नेलेले, इथिओपियाशी त्यांचा रक्ताचा संबंध जवळजवळ नाही. पण बायबलात 'इथिओपिया' हे नाव होतं, म्हणून त्यांनी तेच साऱ्या आफ्रिकेचं नाव मानलं. न्यूयॉर्कमध्ये १८०८ साली काळ्या ख्रिस्त्यांनी वेगळं बसवणाऱ्या चर्चमधून बाहेर पडून स्वतःचं चर्च काढलं, त्याला नाव दिलं ॲबिसिनियन. जमैकात १९३० नंतर रास्ताफारी पंथ उभा राहिला तो इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याच्या राज्याभिषेकाआधीच्या नावावर, रास तफारी. त्यांना आडवा माहीत, हैले सेलासी माहीत. जंजिरा कशाने माहीत असणार? आणि जंजिऱ्याच्या नबाबाला तरी जमैका कुठे माहीत होतं?

हे तुकडे जोडण्याचं मोठं काम आफ्रिकन इतिहासकारांनी हाती घेतलं. युनेस्कोने १९६४ मध्ये आफ्रिकेचा इतिहास मुख्यतः आफ्रिकनांच्याच लेखणीतून लिहून घ्यायचं ठरवलं. बुर्किना फासोचे जोसेफ की-झेर्बो यांनी संपादलेला पहिला खंड १९८१ मध्ये आला, पुढे एकेक करत आठ झाले. 'आफ्रिकेला इतिहासच नाही' असं मोठमोठ्या विद्यापीठांतले लोक तोपर्यंत उघड बोलत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या कामाची किंमत कळते.

आपल्या इथल्या सिद्दींचं काय? कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या रानात राहणाऱ्या सिद्दींना हबशी म्हणणं भूगोलाच्याच दृष्टीने चूक आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले, मोझांबिककडच्या किनाऱ्यावरचे. ते कोकणी बोलतात, त्यात मराठी आणि कानडी मिसळलेली. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातेतले सिद्दी बावा गोराच्या दर्ग्यात ढोल घुमवत नाचतात, त्या नाचाला 'गोमा' म्हणतात. स्वाहिलीत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि नाचही. गावाचं नाव विसरलं, पूर्वजांची भाषा गेली, पण हा एक शब्द हातातून सुटला नाही. मला हा पुरावा कुठल्याही ताम्रपटापेक्षा कमी वाटत नाही.

आणि काही जण परतही गेले, हे आपल्याला सहसा सांगितलं जात नाही. पूर्व आफ्रिकेतल्या याओ जमातीचा एक मुलगा लहानपणी पकडून गुजरातेत विकला गेला, धनी मेल्यावर मोकळा झाला आणि आफ्रिकेला परतला. त्याचं नाव राहिलं सिदी मुबारक बॉम्बे. नाईलच्या उगमाच्या शोधात निघालेला स्पीक त्याच्याशी बोलायचा ते हिंदुस्थानीत, कारण दोघांना येणारी भाषा तीच होती! नाशिकचं शरणपूर तर आपल्या घरचं. इंग्रजी आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातला जेकब वेनराइट हा शोधप्रवासी लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनालाही हजर होता. मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसलं, ते उभं करायला नाशिकहून गेलेले आफ्रिकन पुढे होते. केनियाच्या इतिहासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक आहे?

वापराबद्दल विचारलंत म्हणून माझं मत सरळ सांगते. इतिहास लिहिताना 'हबशी' ठेवावा, तो त्या काळचा शब्द आहे आणि मलिक अंबरच्या नावापुढे तो शोभतो. आजच्या माणसाला इथिओपियन म्हणावं, केनियन म्हणावं, जो ज्या देशाचा असेल ते. कर्नाटक-गुजरातेतल्या समाजाला सिद्दी, कारण ते स्वतःला तेच म्हणवतात. आफ्रिकनांसाठी वापरलं जाणारं 'काफर' आणि गोव्याकडचं 'खापरी' ही दोन्ही रूपं माणसासाठी नकोतच. दक्षिण आफ्रिकेत त्याच मुळाच्या शब्दाने पोलिसांना शिव्या देणाऱ्या एका बाईला २०१८ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. गोव्यात मिळणाऱ्या काफ्रियाल कोंबडीच्या नावातही तोच शब्द आहे, तो राहू द्या, त्याने कोणाला हाक मारली जात नाही.

आणि वर्गात कोणी 'हबशी' म्हणून चिडवलं, तर मुलाला अक्सुमच्या त्या शिलालेखाची गोष्ट सांगून ठेवा. चिडवणाऱ्या मुलालाही सांगता आली तर जरूर सांगा.