सोलापुरातील नवी पेठेत उभ्या केलेल्या गाडीची काच फोडून लॅपटॉप व दागिन्यांची बॅग चोरीला गेली, आता काय करावे?

प्रथम गाडीला हात लावू नका. आसनावर पडलेले काचेचे तुकडे झटकून टाकण्याचा मोह होतो, पण दाराच्या चौकटीवर बोटांचे ठसे असू शकतात. म्हणून आहे त्या स्थितीतील छायाचित्रे काढून ११२ वर कळवा. पोलीस येईपर्यंत समोरच्या दुकानदारांना कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती करा. हे काम उद्यावर टाकू नये असे मी कळकळीने सांगतो, कारण साठवण भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते आणि हातचा पुरावा जातो.

नंतर गुन्हा नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, आणि प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तरीही टाळाटाळ झाली, तर सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाकडे लेखी अर्ज द्यावा. फिर्यादीत लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि दागिन्यांचे वजन व घडण नमूद करून पावत्या जोडा. ‘सोन्याची माळ’ एवढ्याच वर्णनावर जप्त झालेला दागिना आपलाच आहे हे पटवून देणे फार कठीण जाते.

लॅपटॉपवर उघडी असलेली ईमेल आणि बँकेची खाती दुसऱ्या यंत्रावरून त्याच दिवशी लॉग-आउट करून पासवर्ड बदला. वाहन विम्याच्या सर्वंकष पॉलिसीत फुटलेल्या काचेची भरपाई सहसा मिळते, मात्र वैयक्तिक वस्तूंसाठी वेगळे जोड-संरक्षण घेतलेले असावे लागते.