नाशिकहून टोरंटोला निघालेल्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन. तुम्ही लिहिलंय की सीओपीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायला (पीआर) मंजुरी मिळाल्याचा कागद, आणि पासपोर्टवर व्हिसा आलाय, मुदत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आहे, आणि मार्चमध्ये आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. म्हणून मिस्टरांनी सात वर्षांच्या लेकीला घेऊन जानेवारीत पुढे जायचं आणि तुम्ही एप्रिलमध्ये निघायचं, असं ठरतंय. बरोबर काय आणायचं, हेही विचारलंय. आठ वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून असेच आलो होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा हा बेत आधी बदला. अर्ज तुमच्या नावावर आहे, प्रिन्सिपल ॲप्लिकंट तुम्ही आहात. नवरा आणि मुलगी तुमच्या आधी लँड होऊच शकत नाहीत, म्हणजे पीआर म्हणून कॅनडात उतरू शकत नाहीत. एक तर तिघं एकत्र, नाहीतर तुम्ही आधी आणि ते मागून. सीओपीआरची मुदतही वाढवून मिळत नाही. मेडिकल किंवा पासपोर्ट यांतलं जे आधी संपतं त्यावरून ती तारीख ठरलेली असते. एप्रिलमध्ये तुम्ही आलात तर हातातला कागद बाद झालेला असेल.

मी तुमच्या जागी असते तर तिघं जानेवारीतच आलो असतो आणि मार्चमध्ये आईसाठी मी एकटी परत गेले असते. पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात राहावं लागतं, त्यामुळे दोन-तीन महिने आईजवळ राहिल्याने काही बिघडत नाही. अडचण फक्त पीआर कार्डाची आहे. तो व्हिसा एकदाच चालतो; परतताना विमानात बसायला कार्डच लागतं. कार्ड पोस्टाने घरी येतं आणि त्याला बरेच आठवडे लागू शकतात. निघेपर्यंत आलं नाही तर मिस्टरांनी ते कुरिअरने नाशिकला पाठवायचं, किंवा भारतातून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करायचा. दुसऱ्या वाटेत वेळही जातो आणि पैसेही.

कार्ड पोस्टाने येतं म्हणूनच पत्त्याबद्दल जरा जास्त लिहिते. विमानतळावर ऑफिसर तीन-चार प्रश्न विचारतात, सीओपीआरवर सही घेतात आणि कार्ड कुठे पाठवायचं ते विचारतात. तेव्हा पत्ता नसेल तर 180 दिवसांत कळवायचा असतो. आम्ही टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधल्या एका बेसमेंटचा पत्ता दिला. इथे पोस्टमन बऱ्याच ठिकाणी दारात येत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर लोखंडी पेट्यांचा एक खांब असतो, प्रत्येक घराला एक खण आणि एक छोटी किल्ली. आमच्या खणाची किल्ली फक्त घरमालकाकडे होती आणि ते महिनाभर गावी गेलेले. मुलाला शाळेत सोडून येताना मी रोज त्या खणाच्या फटीत डोळा लावून बघायची. आत पाकिटं दिसायची, हात पोचायचा नाही. त्यातच आमची कार्डं होती. म्हणून घर ठरवताना भाड्याइतक्याच स्पष्टपणे विचारा की पत्राच्या पेटीची किल्ली मिळेल का. त्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं एकाच घरात असलेल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता मिळाला तर उत्तम.

बँक, ओहिप म्हणजे सरकारी आरोग्य विमा, लेकीची शाळा, सगळंच पत्त्यावर अडतं. लीज आणि बँकेचं स्टेटमेंट हातात आलं की एका आठवड्यात बाकीची कामं मार्गी लागतात. सिन नंबर, म्हणजे नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक, मात्र पहिल्याच दिवसांत सर्व्हिस कॅनडाच्या सरकारी कार्यालयात जाऊन घ्या, फुकट मिळतो, आणि फोनवर कुणालाही सांगू नका. ओहिपला पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, 2020 पासून ती अट गेली. पण मोठ्यांचे दात, चष्मा आणि औषधं त्यात येत नाहीत, तेव्हा दातांची कामं नाशिकमध्येच उरकून या. लेकीला इथे जन्मसालावरून इयत्ता मिळते. तिचं लसीकरणाचं कार्ड, इंग्रजीतला जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला हँडबॅगेत ठेवा. मुलांसाठी सरकार दरमहा पैसे देतं, त्या चाइल्ड बेनिफिटचा अर्जही लगेच करा, बरेच जण उगाच महिनोन् महिने लांबवतात.

घर भाड्याने देताना इथे नोकरीचं पत्र आणि क्रेडिट स्कोअर मागतात. नव्याने आलेल्याकडे दोन्ही नसतं. ऑन्टारिओत, म्हणजे टोरंटो ज्या प्रांतात आहे तिथे, पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं घेता येतं, त्यावर डॅमेज डिपॉझिट किंवा सहा महिन्यांचं आगाऊ भाडं कायद्याने मागता येत नाही. तरी मागतात. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका, फोटो कितीही सुंदर असोत. पहिले तीन-चार आठवडे तात्पुरती सोय करा आणि तेवढ्यात घर शोधा.

आता सामान. लोक कुकर आणि मसाल्यांची यादी मागतात, मी दागिन्यांचं सांगते. कस्टम्सला दोन याद्या द्यायच्या असतात: आत्ता बरोबर आणलेलं, आणि मागाहून येणारं. दुसऱ्या यादीत जे लिहिलं नाही ते पुढे आणलंत तर ड्युटी बसू शकते. मी त्या यादीत ‘सोन्याचे दागिने’ एवढंच लिहून नेलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे पेन पुढे केलं आणि एकेक लिहायला सांगितलं. सासूबाईंच्या पाटल्या, माझा कोल्हापुरी साज, बारशाला आलेलं मुलाचं कडं, सगळं आठवून लिहिलं, तेही वजन आणि किंमत अंदाजाने. तुम्ही घरूनच सोनाराकडून व्हॅल्युएशन करून घ्या, प्रत्येक वस्तूचा फोटो चिकटवा, आणि लॉकरमध्ये मागे ठेवताय तेही दुसऱ्या यादीत घाला. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रक्कम बरोबर असेल तर डिक्लेअर करा. पैसे आणणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे.

तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात, म्हणून एक महत्त्वाचं. ऑन्टारिओत लायसन्स नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवता येत नाही. रेझ्युमेवर डिझायनर, प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर असं लिहा आणि पी.इंजी.ची, म्हणजे त्या लायसन्सची, वाट आतापासून धरा. 2023 पासून त्यासाठी कॅनडातल्या अनुभवाची अट राहिलेली नाही, ही तुमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आणि जुन्या साहेबांकडून कामाचं तपशीलवार पत्र आत्ताच घ्या, इथून मागवताना जीव मेटाकुटीला येतो. मिस्टरांनी आरटीओकडून ड्रायव्हिंगच्या अनुभवाचं अधिकृत पत्र आणावं. भारतातलं लायसन्स इथे साठच दिवस चालतं. पत्र असलं तर लेखी परीक्षेनंतर थेट जीची, म्हणजे पूर्ण लायसन्सची, टेस्ट देता येते.

सहा महिन्यांचा खर्च मात्र वेगळा काढून ठेवा. पहिले चार महिने माझ्या नवऱ्याने गोदामात रात्रपाळी केली. त्या पगारावर आमचं भाडं निघालं आणि त्यांना त्यांच्या क्षेत्रातली नोकरी शोधायला दिवस मोकळा मिळाला. असं काम घ्यावं लागलं तर घ्या, घरी आईंना सांगायलाही लाजू नका.

जाड कोट पुण्या-मुंबईतून घेऊ नका, इथल्या थंडीचा कोट आणि बूट इथेच मिळतात. पण जानेवारीत पिअर्सन विमानतळाच्या दारातून टॅक्सीपर्यंतची दोन मिनिटंही बोचतात. लेकीची टोपी आणि हातमोजे चेक-इन बॅगेत टाकू नका, तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.