धोंडीराम या नावातला धोंडा

सोलापूरच्या एका तरुणाचा प्रश्न असा: ‘माझं नाव धोंडीराम, जन्म नोव्हेंबर १९९९. ऑफिसात सगळे डीआर म्हणतात, मीही तेच सांगतो. धोंडा म्हणजे मठ्ठ, हाच अर्थ ना? राजपत्रात नाव बदलून घ्यावं म्हणतोय. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली, म्हणून आजीनं हे नाव ठेवलं म्हणे.’

धोंडीराम, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे.

हे नाव दोन वाटांनी येतं. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतो. त्या महिन्यात जन्मलेलं मूल धोंडू किंवा धोंडाबाई होतं. पण १९९९ साली अधिक ज्येष्ठ होता, मे-जूनमध्ये. तुमचा जन्म नोव्हेंबरचा, तेव्हा ही वाट मिटली.

उरली दुसरी. मुलं जगत नसली की पुढच्याला गोंडस नाव द्यायची भीती वाटायची. दृष्ट लागू नये, मरणाचंही लक्ष जाऊ नये, म्हणून केरू, भिकू, दगडू. केरू आणि भिकू ही मूल लपवणारी नावं आहेत. धोंड्यात मला आणखी काही दिसतं: हा जागचा हलणार नाही, ही आस. आणि खंडोबा-म्हसोबाच्या मुलखात शेंदूर लावलेल्या धोंड्याला कोण हलकं म्हणेल?

तुमच्या शहरात तर याचे सोबती गल्लोगल्ली भेटतात. कानडीत कल्लु म्हणजे दगड, गुंडु म्हणजे गोल दगड. कल्लप्पा आणि गुंडप्पा ही नावं तिथूनच निघतात (कल्लप्पा काही घरांत कल्लेश्वरावरूनही ठेवतात). तिप्पे म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पण्णा. तेलुगूत पेंट म्हणजेही उकिरडाच, म्हणून पेंटय्या. तीन वेगवेगळ्या भाषांतल्या आयांनी एकाच धास्तीवर एकच उपाय शोधला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सगळीच जुनी नावं जपावीत असं मात्र मी म्हणणार नाही. ‘नकुशा’ हे नाव मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींना नवी नावं दिली गेली, ते योग्यच झालं. तिथं मूल नको होतं. तुमच्या घरात ते जिवापाड हवं होतं. ही नावं एका माळेत ओवू नयेत.

मठ्ठपणाचं म्हणाल, तर महर्षी कर्वे यांचं नाव धोंडोच. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, त्यानंतरही १९६२ पर्यंत जगले. आणि जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलला एकदा जाऊन या. तिथला शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख दगडावरच टिकला आहे.

कुणी ‘धुंडिराज करून टाक’ असं सुचवेल. ते गणपतीचं नाव, दादासाहेब फाळक्यांचं. छान आहे, पण त्याची कुळी वेगळी. त्यात तुमची आजी नाही.

राजपत्राचा निर्णय तुमचाच. माझं मत विचाराल तर डीआर सोडा आणि पूर्ण नाव सांगा. कुणी अर्थ विचारला तर ‘मी राहावा म्हणून ठेवलंय’ एवढं पुरे.

आजी असतील तर एक विचाराल का? काही घरांत असं मूल शेजारणीच्या ओटीत देऊन पसाभर धान्याला परत विकत घेत. तुमच्या घरी तसं केलं होतं का, आणि त्या वेळी काय म्हणत, ते मला कळवा.