टॅबलेट घेतल्यावर संगणक काढून टाकावा का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे. घरी जुना डेस्कटॉप संगणक आणि मोबाइल आहे. संगणक काढून टाकून टॅबलेट घ्यावा, सगळी कामे त्यावरच होतील, असा मुलाचा आग्रह आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ वाचणे, परदेशातील मुलीशी व्हिडिओवर बोलणे, बिले भरणे आणि आठवणी लिहून काढणे एवढीच माझी गरज आहे. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या चार कामांपैकी वाचन आणि मुलीशी बोलणे ही दोन टॅबलेटवर उत्तम होतील, बिले भरण्यात थोडी अडचण येईल आणि दीर्घ लेखन मात्र कष्टाचे होईल. त्यामुळे टॅबलेट अवश्य घ्यावा, पण संगणक काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचनाविषयी सविस्तर सांगतो, कारण टॅबलेटचे खरे मोल तिथेच आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या बहुतेक पीडीएफ म्हणजे पानांची छायाचित्रे असतात. त्यांतली अक्षरे मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि मोबाइलवर प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसावे लागते. आपल्याकडील कथा-कादंबऱ्या बहुधा डेमी आकारात, म्हणजे सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंचांत छापलेल्या असतात. ११ इंची टॅबलेट उभा धरला तर हे पान जवळजवळ मूळ आकारात एका दृष्टिक्षेपात मावते, तर आठ-साडेआठ इंचांच्या स्वस्त टॅबलेटवर ते आक्रसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेली कितीतरी पुस्तके अशा पडद्यावर सुखाने वाचता येतात. केवळ वाचनासाठीच बनवलेली ई-इंकची, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याची उपकरणे डोळ्यांना अधिक सौम्य असतात हे खरे, पण त्यांतल्या सहा इंची पडद्याच्या उपकरणांवर छायाचित्ररूपी पानांची मोबाइलसारखीच गत होते.

आता या वाचनातल्या अडचणी. ११ इंची टॅबलेटचे वजन अर्धा किलोच्या आसपास असते आणि जाड कव्हर घातल्यावर ते आणखी वाढते. एका हातात धरून अर्धा तास वाचले की मनगट आणि अंगठा भरून येतो, मांडीवर ठेवला तर मान सतत वाकलेली राहते. म्हणून टेबलावर तिरका उभा राहील असे स्टँड त्याच दिवशी घ्यावे. हा खर्च अनावश्यक समजू नये. पडद्याची काच चकचकीत असल्याने सकाळच्या उन्हात, ओसरीवर बसून वाचणे जमत नाही. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात, यासाठी दर वीस मिनिटांनी काही क्षण दूरवर पाहावे.

मुलीशी बोलण्याबाबत फार सांगण्याचे कारण नाही. मोठा चेहरा, मोठा आवाज आणि दोन्ही हात मोकळे, एवढे पुरे आहे.

बिलांचे मात्र नीट समजून घ्यावे. यूपीआयची नोंदणी करताना ज्या उपकरणात बँकेशी जोडलेले सिमकार्ड आहे त्यातूनच एसएमएस जावा लागतो, त्यामुळे केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबलेटवर ही नोंदणी होत नाही. बँकेच्या संकेतस्थळावरून बिल भरता येईल, पण ओटीपी पाहण्यासाठी मोबाइल शेजारी ठेवावाच लागेल.

राहिले लेखन. टॅबलेट आडवा धरला की पडद्यावरचा कीबोर्ड जवळजवळ अर्धी जागा व्यापतो, लिहिलेल्या मजकुराच्या चार-सहा ओळीच दिसतात, आणि मागे जाऊन एखादे जोडाक्षर दुरुस्त करायचे तर बोट नेमके तिथे टेकवणे जिकिरीचे होते. बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठीत चांगली आहे. आठवणींचा पहिला खर्डा आपण खुशाल बोलून तयार करावा. विरामचिन्हे, परिच्छेद आणि विशेषनामे मात्र संगणकावर बसून दुरुस्त करावीत. वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड घेण्याचा विचार असल्यास आपल्या सवयीची मराठी टंकलेखन पद्धत त्यावर चालते का, हे दुकानातच लिहून पाहावे. आयुष्यभराच्या आठवणी लिहिण्याचे काम साधनाच्या गैरसोयीमुळे अर्धवट राहू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मुलीसाठी टॅबलेट घ्यायचा आहे. स्वस्तात मिळणारे जुन्या मॉडेलचे टॅबलेट घ्यावेत का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : किमतीआधी त्या मॉडेलला सुरक्षा अद्यतने (अपडेट) किती वर्षे मिळणार आहेत, ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. ती थांबलेला टॅबलेट चालू राहतो, पण त्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत आणि हळूहळू नवी ॲप त्यावर उतरेनाशी होतात. बहुतेक टॅबलेटांची बॅटरी आत चिकटवलेली असते, ती बदलण्याचा खर्च आणि जवळचे सेवा केंद्र यांचीही आधी चौकशी करावी. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ विनामूल्य मिळतात. त्यांची पाने डेमीपेक्षा बरीच मोठी असल्याने इथेही पडदा १० इंचांहून लहान घेऊ नये, आणि डाउनलोड केलेल्या पुस्तकांसाठी मेमरी कार्ड घालण्याची जागा आहे का, तेही पाहून घ्यावे.