युरोपात राहणारे नवरा-बायको खरंच दर वीकेंडला फिरत असतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही दोघं नवरा-बायको पुढच्या वर्षी जर्मनीला राहायला जाताय, तर तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं, आणि सगळे म्हणतात तसं दर वीकेंडला नवा देश बघून होतो का.

आम्ही दोघं श्टुटगार्टला असतो. मूळचे साताऱ्याचे, मग पुणे, आणि बायकोला इथे गाड्यांच्या क्षेत्रात नोकरी लागली म्हणून जर्मनी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, पहिल्याचं त्यातच येईल. फिरायला जाता येतं, पण रविवारी. शनिवार विसरा.

कारण रविवारी इथे दुकानं बंद. स्टेशनातली दोन-चार दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळी थोडा वेळ बेकरी, बाकी सगळीकडे कुलूप. त्यामुळे शनिवारी आठवड्याचा किराणा, भाजी, कपडे धुणं, आणि बाटल्या. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट आणि बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट अनामत घेतलेली असते, ती मशीनपुढे रांग लावून सोडवायची. ज्या बरण्या-बाटल्यांवर अनामत नाही त्या पांढरी, हिरवी, तपकिरी अशा रंगांप्रमाणे चौकातल्या टाक्यांत टाकायच्या, आणि तेही शनिवारीच, कारण रविवारी काच फुटल्याचा आवाज चालत नाही. भिंतीला ड्रिल मारणं, गवत कापणं हेही रविवारी नाही. मग माणूस करणार काय? घरात बसतो नाहीतर बाहेर पडतो. जर्मन बाहेर पडतात. हळूहळू आपणही पडतो.

श्टुटगार्टच्या बाजूला आलात तर शनिवारात आणखी एक काम येतं, जिन्याच्या सफाईची पाळी. इमारतीतल्या प्रत्येक घराचा एकेक आठवडा ठरलेला असतो. आपली पाळी आली की शेजारी दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवून जातात. जिना, तळघराचा बोळ, दारासमोरचा फुटपाथ झाडायचा, पुसायचा, आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. शहराने ही सक्ती १९८८ मध्ये नियमातून काढली, पण घरमालकांनी भाडेकरारात ठेवली, त्यामुळे आपल्याला फरक शून्य. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी काही बोलत नाहीत, फक्त उतरताना पायरीच्या कोपऱ्यात बघतात. कोपऱ्यात फडकं फिरलंय की नाही ते त्यांना तिथे कळतं. ज्या दिवशी त्यांनी न थांबता 'मॉर्गन' (सुप्रभात) म्हटलं त्या दिवशी आम्ही बासुंदी केली होती.

आता दोघांचं. मी बायकोच्या मागे आलो, हे गावाकडे अजून पचलेलं नाही. 'तू काय करतोस मग तिकडं?' हा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो. तुमच्यापैकी एकाला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा कामाचा आणि राहण्याचा परवाना, मिळणार असेल तर दुसऱ्याला व्हिसासाठी आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या आल्या काम करायची मुभा असते. कागदावर हे छान आहे. पण भाषा न येता ऑफिसातलं काम मिळणं आयटीबाहेर अवघड. मी बँकेतला माणूस, माझा उपयोग इथे कोणाला? पहिला बराच काळ भाषेचा क्लास आणि घर एवढंच होतं. तुमच्या घरात जो मागून येणार आहे त्याने निघण्याआधीच पुण्या-मुंबईत जर्मन सुरू करावं. इथे येऊन करू म्हणाल तर पहिलाच हिवाळा अंगावर येतो, साडेचारला अंधार आणि दिवसभरात बोलायला कोणी नाही.

दुसऱ्याला नोकरी लागली की करवर्गाचा प्रश्न येतो. नवरा-बायको ३ आणि ५ असे वर्ग घेऊ शकतात. ज्याचा पगार मोठा त्याचा कर कमी कापला जातो, आणि दुसऱ्याचा इतका की हातात आलेली रक्कम बघून वाटतं, कशाला जातो आपण कामाला. वर्षाच्या विवरणपत्रात दोघांचा हिशेब एकत्र होतो, त्यामुळे घराचं नुकसान नसतं. पण बेकारी भत्ता, बाळंतपणाचे पैसे वगैरे हातात येणाऱ्या पगारावर ठरतात, म्हणून आम्ही दोघांनी सारखाच वर्ग, ४-४, घेतला. हे एकदा बसून नीट बोला. परदेशात दोघंच असताना पैशावरून धुसफूस परवडत नाही, कारण रुसून जायचं तर माहेर विमानाने आठ-नऊ तासांवर.

अगदी एकटं मात्र पडत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, आणि पुण्याच्या गाड्यांच्या कारखान्यांतून इतकी मंडळी इकडे आलीत की लोकलमध्ये मराठीत कोणाची उखाळीपाखाळी काढायची सोय राहिलेली नाही. गणपतीत आरत्या, संक्रांतीला हळदीकुंकू, सगळं होतं. जेवणाचंही अडत नाही. श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, तिथे कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, आटा मिळतो. इथल्या साध्या मैद्यासारख्या पिठाच्या पोळ्या करायच्या भानगडीत पडू नका.

आता फिरणं. माझं ठाम मत आहे की सुरुवातीला पॅरिस-रोम-ॲमस्टरडॅमच्या मागे लागू नये. सगळ्या देशात चालणारं एक मासिक तिकीट आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, आता २०२६ पासून ६३ युरोला आहे. त्यात लोकल, ट्राम, बस आणि थांबत थांबत जाणाऱ्या गाड्या येतात, जलद गाड्या येत नाहीत. याच तिकिटावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या स्टेशनापर्यंत जाता येतं. आणि जलद गाड्यांचं म्हणाल तर २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या शंभर गाड्यांतल्या बासष्ट-त्रेसष्टच वेळेवर होत्या, त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' धरतात. तेव्हा जर्मन शिस्तीच्या गोष्टी ऐकून मधे पाच मिनिटांची गाडीबदल ठेवू नका.

आमचा आवडता रविवार सांगतो. सकाळी दशम्या आणि चटणी बांधून घ्यायची, कार्ल्सरूहला गाडी बदलून तीनेक तासांत केलला पोहोचायचं. केल हे ऱ्हाईनच्या जर्मन काठावरचं छोटं गाव. २०१७ पासून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची ट्राम नदी ओलांडून इथपर्यंत येते. आमच्यासारखे लोक फ्रान्स बघायला पलीकडे जातात, आणि पलीकडचे आठवडाभर इकडे येतात तंबाखू, साबण, शाम्पू घ्यायला, कारण इथे ते स्वस्त. शनिवारी ट्राम धरलीत तर डब्यात निम्म्या लोकांच्या मांडीवर पिशव्या असतात. आम्ही ट्राम सोडून २००४ चा पादचारी पूल चालत ओलांडतो, पलीकडे बागेत बसून दशम्या खातो आणि मग गावात शिरतो.

तिथे गेल्यावर वाटतं, फ्रान्स आहे, दुकानं उघडी असतील. तर नाही! स्ट्रासबुर्ग ज्यात येतं तो अल्सास हा भाग १८७१ ते १९१८ जर्मनीकडे होता. तो फ्रान्सकडे परत गेला तरी त्या काळचे बरेच कायदे तिथे तसेच राहिले, रविवारची बंदी त्यातलीच. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरची सुट्टीसुद्धा उरलेल्या फ्रान्सला नाही, यांना आहे. शाकाहारी असाल तर तिथली पातळ, पिझ्झासारखी फ्लामकूखन मागताना डुकराचं मांस नको हे आधी सांगा, नेहमीच्या प्रकारात ते असतंच.

स्वित्झर्लंडही जवळ आहे. शाफहाउझनजवळचा ऱ्हाईनचा धबधबा गाडीतूनच दिसतो. उंची फक्त २३ मीटर, ठोसेघर बघितलेल्याला हसू येईल. पण रुंदी दीडशे मीटर आहे आणि उन्हाळ्यात बर्फ वितळलं की पाणी अंगावर येतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमा उघड्या ठेवणाऱ्या देशांच्या गटात, आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे फोनचं रोमिंग बघून मगच इंटरनेट चालू करा. आणि खायला घरूनच न्या, तिथल्या साध्या सँडविचच्या भावात इकडे दोघांचं जेवण होतं.

कुठेही जाताना पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड, दोन्ही खिशात हवं. सीमा उघड्या आहेत म्हणतात, पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली आहे. त्या कार्डावर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. लंडन आणि आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो. कार्डाची मुदत संपत आली की नूतनीकरणाची तारीख महिनोन्‌महिने मिळत नाही, त्या काळात आम्ही देशाबाहेरचं काही ठरवतच नाही.

मोठ्या सहलींना रजा लागते. कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस रजा आहे, बऱ्याच कंपन्या ३० देतात. आमच्या राज्यात वर्षाला १२ सार्वजनिक सुट्ट्या, त्यातल्या दोन कायम गुरुवारी येतात. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मिळतात, आमचं प्राग आणि व्हेनिस असंच झालं. पण ती शुक्रवारची रजा ऑफिसात सगळ्यांनाच हवी असते, जानेवारीतच टाकून ठेवा. उरलेल्यातली निम्मी रजा भारतात जाण्यात जाते. लग्न, मुंज, आजारपण, काही ना काही असतंच.

आणि एक वर्ष आई-वडिलांसाठी राखून ठेवा. त्यांना जास्तीत जास्त ९० दिवसांचा व्हिसा मिळतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. मे-जूनमध्ये बोलवा, साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि थंडी सोसण्यासारखी असते. त्यांना किल्ले-चर्च फार दाखवू नका. माझे वडील दोन चर्चनंतर बाहेर बाकावरच बसायला लागले. त्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते बाटल्यांचं मशीन. रोज सकाळी फिरायला जाताना पिशवी घेऊन जायचे आणि पावती आणून आईच्या हातात द्यायचे.