डायमंड डावीकडं आला म्हणजे औषध चांगलंच का?

प्रश्न : सर, मी सोलापुरात एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. शुक्रवारी जर्नल क्लबला एक मेटा-ॲनालिसिस (एकाच औषधाच्या बऱ्याच चाचण्या, म्हणजे ट्रायल, एकत्र करून काढलेला निकाल) मांडायचंय, नऊ छोट्या ट्रायल आहेत, डायमंड, म्हणजे आलेखातली एकत्रित निकालाची खूण, ‘फरक नाही’ दाखवणाऱ्या रेषेला न शिवता डावीकडं, औषधाच्या बाजूला आहे, पी व्हॅल्यू (औषधानं फरकच पडत नसेल तर असा निकाल योगायोगानं दिसण्याची शक्यता) पण मस्त कमी. मग अजून काय बघायचं असतं?
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : आधी तो डायमंड बाजूला ठेवा आणि त्यात कुठल्या ट्रायल गेल्यात ते बघा. एवढ्या कळकळीनं का सांगतोय, तर मॅग्नेशियममुळं. हार्ट अटॅकच्या पेशंटला शिरेतून मॅग्नेशियम द्यायचं, १९९१ साली अशा सात छोट्या ट्रायल एकत्र केल्या, पेशंट सगळे मिळून १३०० च्या आसपास, आणि मृत्यू निम्म्यावर आल्यासारखे दिसले, सगळ्यांना वाटलं स्वस्तात जीव वाचवणारं औषध मिळालं. मग १९९५ ला आयसिस-४ या मोठ्या ट्रायलचा निकाल आला, ५८ हजार पेशंट, आणि फायदा काहीच नाही!

असं का होतं? छोट्या ट्रायलमध्ये फायदा दिसला की ती छापून येते, नाही दिसला की कपाटात राहते, आणि मेटा-ॲनालिसिसला कपाटातलं कुठून दिसणार. त्यासाठी फनेल प्लॉट बघतात, म्हणजे ट्रायलचा आकार आणि निकाल यांचा आलेख, न छापलेल्या ट्रायल असतील तर तो एका बाजूला रिकामा दिसतो, पण तुमच्याकडं नऊच ट्रायल आहेत, दहाच्या खाली त्याच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची नोंदवही) आणि बाहेरच्या देशांच्या रजिस्ट्रीत जाऊन बघा, नोंद झालेल्या पण कधीच न छापलेल्या ट्रायल किती आहेत. तास-दोन तास जातील, पण ते काम करायलाच हवं.

दुसरं म्हणजे आय-स्क्वेअर, ट्रायलचे निकाल एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते सांगणारा आकडा. आकडा मोठा असेल तर पेशंट, डोस, कालावधी सारखे होते का ते विचारा. मंगळवेढ्याची जिरायती ज्वारी आणि कॅनॉलखालची ज्वारी, दोन्हींचा एकरी उतारा मिसळून सरासरी काढली तर ती कुठल्याच शेतकऱ्याच्या कामाची नसते ना, तसंच हे. रँडमायझेशन (कुणाला औषध ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं), ब्लाइंडिंग (कुणाला काय दिलं ते लपवून ठेवणं) नीट होतं का ते प्रत्येक ट्रायलचं वेगळं तपासा, लेखकांनी दिलेल्या तक्त्यावर सोडू नका.

आणि ट्रायल एकत्र करायच्या दोन पद्धती असतात, फिक्स्ड (सगळ्या ट्रायलमध्ये औषधाचा परिणाम एकच धरणारी) आणि रँडम (तो थोडा वेगवेगळा धरणारी), त्या दोन्ही मॉडेलचे आकडे शेजारी ठेवा. रँडममध्ये छोट्या ट्रायलला तुलनेनं जास्त वजन मिळतं, त्यामुळं दोन्हीत मोठा फरक पडला तर छोट्याच ट्रायल निकाल ओढत असतील, आणि तसं दिसलं तर शुक्रवारी डायमंडच्या आधी ती स्लाइड लावा.